शारंगदेवाचा प्रयोग एकदा देवगिरीजवळच ऐकवा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागं एक लेख आला होता, युरोप-अमेरिकेतले काही संगीतशास्त्री सप्तकाचे बारा भाग सोडून बावीस, एकतीस, त्रेपन्न असे भाग करतात आणि तशी वाद्यंपण बनवतात असा. लेख चांगला होता, पण त्यानंतर वाचकांच्या पत्रांत जे सुरू झालंय ते बघून लिहायला बसलो. एकजण म्हणतो यात नवीन काय, आपल्याकडं २२ श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बावीस बारीक पायऱ्या, हजारो वर्षांपासून आहेत, त्यांनी आपलंच उचललं. दुसरा म्हणतो श्रुती-बिती सगळं थोतांड, पेटीला बारा पट्ट्या आहेत, तेवढ्यात सगळे राग बसतात, पुढं चला. दोघंबी तावातावानं लिहायलेत. अहो पण ज्या ग्रंथावरून हे सगळं भांडण निघतं तो शारंगदेवाचा संगीतरत्नाकर आपल्या देवगिरीत लिहिला गेला, संभाजीनगरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि लिहिणाऱ्याचं नाव दोघांच्याही पत्रात नाही! वेरूळला जाताना आपण सगळे त्या किल्ल्याच्या दारावरून जातो, उसाचा रस पितो, मेंढा तोफ बघतो, भुयारी अंधारी बघतो आणि घरी येतो.

मी परभणीचा. शाळेत गणित शिकवायचो, आता रिटायर आहे, भजनी मंडळात पेटी धरतो आणि आजूबाजूच्या गावच्या पेट्या बिघडल्या की माझ्याकडं येतात. संगीताचा पंडित नाही हे आधीच सांगतो, पण पेटीतल्या पितळी जिभा, ज्यांना आम्ही सूरच म्हणतो, त्या घासायचं काम करणाऱ्याला श्रुतीचा विषय टाळता येत नाही, तो हाताखालीच असतो.

तर शारंगदेव. आजोबा भास्कर हे काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या पदरी, आणि शारंगदेव स्वतः सिंघण राजाच्या दरबारात श्रीकरणाधिपती, म्हणजे हिशेबाच्या खात्याचा मोठा अधिकारी. सिंघणाचा काळ साधारण १२१० ते १२४७. म्हणजे अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर येण्याच्या पन्नासेक वर्षं आधी हा माणूस दिवसभर सरकारी हिशेब बघून संगीतरत्नाकर लिहीत होता. सात अध्याय, स्वरापासून सुरू होऊन नृत्यापर्यंत. स्वतःला निःशंक म्हणवून घ्यायचा, त्या नावाची एक वीणाबी त्यानं सांगितलीय. गंमत म्हणजे पहिल्या अध्यायात स्वराच्या आधी माणसाचं शरीर गर्भात कसं तयार होतं ते सगळं आहे, कारण आवाज शरीरातून निघतो तर आधी शरीर बघा असा त्याचा हिशेब. हृदयात आडव्या २२ नाड्या आहेत, त्यांच्यावर वारा आपटून एकाहून एक चढा असे २२ नाद निघतात असंही तो म्हणतो. आता ही नाड्यांची गोष्ट आजच्या डॉक्टरला सांगितली तर तो हसेल, आणि हसू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण लगेच पुढं तो म्हणतो की हे स्पष्ट व्हावं म्हणून आपण वीणांवर करून दाखवू. बस, माझं सगळं पत्र या वाक्यासाठी आहे. शास्त्र सांगून तो थांबला नाही, करून बघायची रीत लिहून ठेवली.

रीत अशी आहे. दोन वीणा घ्यायच्या, अगदी एकसारख्या वाजणाऱ्या. प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार जमेल तेवढी खाली लावायची, दुसरी तिच्याहून किंचित वर, एवढीच वर की दोघींच्या मधे तिसरा आवाज ऐकू येऊ नये, असं करत बावीसपर्यंत जायचं. चौथ्या तारेवर सा, सातव्यावर री, नवव्यावर ग, तेराव्यावर म, सतराव्यावर प, विसाव्यावर ध, बाविसाव्यावर नी. एक वीणा तशीच ठेवायची, ती ध्रुववीणा. दुसरी चलवीणा, हिच्या सगळ्या तारा एकेक श्रुती उतरवत जायच्या. एकदा उतरवली तर काहीच जुळत नाही. दुसऱ्यांदा उतरवली की चलवीणेचा ग बरोबर ध्रुववीणेच्या री वर येऊन बसतो आणि नी येतो ध वर, कारण हे दोघं दोन-दोन श्रुतींचे. तिसऱ्यांदा उतरवली की री सा वर येतो आणि ध प वर. चौथ्यांदा सा येतो खालच्या नी वर, म येतो ग वर, प येतो म वर. आता हिशेब करा: दोन स्वर दोन-दोन श्रुतींचे, झाले चार, दोन स्वर तीन-तीनचे, झाले सहा, तीन स्वर चार-चारचे, झाले बारा. चार, सहा, बारा मिळून बावीस. वीणा अशी उतरवत जायच्या रीतीला सारणा म्हणतात, ती मुळात भरतमुनीच्या नाट्यशास्त्रातली, तिथं सात तारांच्या वीणेवर आहे, शारंगदेवानं तिला बावीस तारा दिल्या. मी आयुष्यभर वर्गात सिद्धता शिकवल्या पण कानानं करायची इतकी सुबक सिद्धता पुस्तकात बघितली नव्हती.

आता मुद्द्याचं. या सगळ्या वर्णनात एकही आकडेमोड नाही. तारेची लांबी किती ठेवायची, कुठला स्वर कुणाच्या किती पट, काही नाही. तारेच्या लांबीवर स्वर नेमून द्यायचं काम उत्तरेत अहोबलाच्या संगीतपारिजातात येतं, ते सतराव्या शतकातलं. त्यामुळं व्हॉट्सअपवर जो तक्ता फिरतो ना, अमुक श्रुती म्हणजे २५६ भागिले २४३ आणि तमुक म्हणजे ८१ भागिले ८०, आणि खाली लिहिलेलं असतं "आपल्या ऋषींनी सांगितलेलं अचूक गणित", ते गणित खरं असेल पण ते शारंगदेवाचं नाही. ते नंतरच्यांनी बसवलेलं आहे. बसवू नये असं नाही, पण कुणी बसवलं त्याचं श्रेय त्याला द्यावं, ऋषींच्या खात्यावर जमा करू नये.

बसवणाऱ्यांत आपलीच मराठी माणसं पुढं होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, रिटायर्ड डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० ला हिंदू सप्तक आणि २२ श्रुती यावर इंग्रजीत पुस्तक काढलं, अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून मापं घेतली. त्यांच्याबरोबर क्लेमेंट्स नावाचा एक इंग्रज आयसीएस अधिकारी लागला, त्याचं पुस्तक १९१३ चं. दोघांनी मिळून २२ श्रुतींची पेटी बनवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती ठेवली, तिथं जोरदार वाद झाला. संगीतशास्त्री भातखंड्यांना ते पटलं नव्हतं, त्यांचं मत की जुन्या ग्रंथकारांनी श्रुती समान धरल्या होत्या आणि आजचं संगीत बारा स्वरांवर समजून घ्यावं. म्हणजे आज तुमच्या पत्रव्यवहारात जे दोन वाचक भांडायलेत, तेच भांडण शंभर वर्षांपूर्वी जास्त अभ्यास केलेल्या लोकांनी करून ठेवलंय. अलीकडं डॉ. विद्याधर ओकांनीबी २२ श्रुतींची पेटी केली, सा आणि प सोडून बाकी दहा स्वरांना दोन-दोन जागा, खुंटी ओढली की त्याच पट्टीचा सूर जरा चढा किंवा जरा उतरा मिळतो. वाद्य म्हणून मला ती कल्पना आवडते, खुंटी ओढली की फरक कळतो, मग कुणाला पटो न पटो.

आणि "त्यांनी आपलं उचललं" म्हणणाऱ्यांसाठी एक सांगतो. बोसांके नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७७ ला लंडनच्या रॉयल सोसायटीत हिंदूंच्या सप्तकविभागणीवर निबंध दिला, नाव घेऊन, उघड उघड, त्यात बावीस समान भाग केले तर काय होतं ते तपासलं. त्याच्याकडं सप्तकाचे त्रेपन्न भाग करणारी पेटी होती, पट्ट्यांची रचनाच वेगळी. नेदरलँड्समधे फोकर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं एकतीस भागांचा ऑर्गन १९५० ला उभा केला. अमेरिकेत हॅरी पार्च एका सप्तकात त्रेचाळीस स्वर घेऊन स्वतःची लाकडाची, बाटल्यांची वाद्यं बनवायचा, त्याचा ग्रंथ १९४९ चा. आणि पॉल अर्लिक नावाच्या अमेरिकन शास्त्रकारानं १९९८ ला बावीस समान भागांवर जो निबंध लिहिला त्यात सात नाही तर दहा-दहा स्वरांच्या माळा आहेत, मग त्याला सप्तक तरी कसं म्हणायचं. त्याला वेगळं संगीत करायचंय, आकडा बावीस आला म्हणून शारंगदेवाची चोरी झाली असं होत नाही. बावीसच्या गणितात मुळातच काहीतरी पकडण्यासारखं आहे म्हणून तिकडचा माणूस पण तिथं येऊन अडखळतो, एवढंच.

आता बावीस समान भागांचं काय होतं ते जरा बघू, कारण इथंच सगळी मेख आहे. सप्तकाचे १२०० बारीक भाग करायचं माप एलिस नावाच्या इंग्रजानं १८८० च्या दशकात रूढ केलं, त्याला सेंट म्हणतात. पेटीची एक पट्टी म्हणजे १०० सेंट. बावीस समान भाग केले तर एक श्रुती साडेचोपन्न सेंटची. सा ते प तेरा श्रुती, म्हणजे ७०९ सेंट. पण तंबोऱ्यावर जुळलेला प ७०२ ला असतो. सात सेंटनं चढा प! ज्याला कान आहे तो म्हणेल पंचम खटकायलाय. आणि भरत काय, शारंगदेव काय, दोघं सांगतात की नऊ आणि तेरा श्रुतींच्या अंतरावरचे स्वर एकमेकांचे संवादी. संवादी म्हणजे जुळणारच. मग श्रुती समान कशा? उलट शारंगदेवाचं "मधे दुसरा आवाज ऐकू येऊ नये" वाचलं तर वाटतं सगळ्या पायऱ्या सारख्याच असाव्यात. ग्रंथातच ही ओढाताण आहे, त्यामुळं वाचून निकाल लागत नाही, लावून बघावं लागतं.

आम्ही लावून बघितलं. बावीस तारांच्या वीणा कुठून आणायच्या, म्हणून दोन स्वरमंडळं, म्हणजे मांडीवर घेऊन छेडायची बऱ्याच तारांची वाद्यं, घेतली, एक मंडळातल्याच एका मित्राचं आणि एक मागून आणलेलं, दोन्ही एकाच मापाची. बावीस तारा लावायच्या भानगडीत पडलो नाही, भरतासारख्या सातच लावल्या. तंबोरा लावला, सा धरला, त्याच्यावर म आणि प जुळवले, म पासून तेवढ्याच अंतरावर वर नी, नी पासून पंचमाएवढं खाली येऊन ग. आणि ध? तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, नीट जवारी लागलेला असला की त्याच्यातून आपोआप एक गांधार बोलतो, ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात, तो सा पासून जेवढा वर आहे तेवढा वर म पासून ध ठेवला. ध पासून पंचमाएवढं खाली री. झालं षड्जग्रामाचं, म्हणजे वर सांगितलेल्या श्रुतींच्या मांडणीचं, सप्तक, आजच्या काफीच्या जवळ जाणारं, फक्त री जरा उतरलेला वाटतो.

आता चलवीणा उतरवायची, पण एक श्रुती म्हणजे किती? हाच तो घोळ, एक श्रुती माहीत असल्याशिवाय उतरवता येत नाही आणि उतरवल्याशिवाय श्रुती कळत नाही. शारंगदेवाच्या बावीस तारांत याचं उत्तर सोपं दिसतं पण हाताला सापडत नाही. भरताची युक्ती जास्त कामाची. तो म्हणतो आधी पंचम उतरवा, मध्यमग्राम नावाच्या दुसऱ्या जुन्या मांडणीतला करा, म्हणजे री शी नऊ श्रुतींनी जुळवा. जुळवला. प थोडाच उतरला, मोबाइलच्या ट्यूनरवर साधारण २२ सेंट. बाकीच्या तारा तेवढ्याच उतरवल्या. ही पहिली सारणा, काहीच जुळत नाही, दोन्ही स्वरमंडळं एकत्र छेडली की सगळं कळकटल्यासारखं. मग दुसरी, चलवीणेचा ग ध्रुववीणेच्या री वर आणायचा. दोन तारा जवळ आल्या की आवाजात लाट उठते, वव-वव-वव, जसजसं जवळ जावं तशी ती लाट संथ होते आणि एका जागी थांबते. मंडळातला आमचा एक टाळकरी, शेती करतो, शास्त्र-बिस्त्र काही नाही, तो लाट थांबल्यावर ताडकन म्हणाला "बसला!" त्याला कुणी सांगितलं नव्हतं काय ऐकायचं. आणि त्याच वेळी तिकडं नी बी ध वर बसलेला. न सांगता.

मग मोजलं तर चार पायऱ्या तीन मापांच्या निघाल्या. पहिली २२, दुसरी ९० च्या आसपास, तिसरी ७०, चौथी परत २२. गणितानंबी तेच येतं, मी नंतर कागदावर करून बघितलं, बेरीज २०४, म्हणजे नऊ भागिले आठ, मोठा स्वर. म्हणजे अशा रीतीनं लावलं तर श्रुती समान नाहीत, तीन वेगवेगळ्या मापांच्या आहेत, देवल-क्लेमेंट्सच्या बाजूचं पारडं जड. पण थांबा, ध ठेवताना मी तंबोऱ्याच्या गांधाराचा आधार घेतला, तो आधार ग्रंथात कुठं स्पष्ट लिहिलेला नाही. कुणी तो आधार न घेता नुसत्या सा-प च्या साखळीनं गेला तर री वेगळ्या जागी जाईल आणि आकडे बदलतील. म्हणजे प्रयोग खोटा नाही, पण त्याच्यात काय घालता त्यावर काय निघतं ते ठरतं. "अचूक वैज्ञानिक २२ श्रुती" म्हणणाऱ्यांनी आणि "थोतांड" म्हणणाऱ्यांनी, दोघांनीबी हे एकदा करावं. भांडण मिटेल असं नाही, पण मग निदान कशावर भांडायलो ते तरी दोघांना कळेल.

बारा पट्ट्यांत सगळे राग बसतात म्हणणाऱ्या वाचकांना पेटीवाल्याच्या नात्यानं दोन शब्द. पेटीचा ग ४०० सेंटला, तंबोऱ्याचा ३८६ ला. चौदा सेंट. ऐकायला किती फरक? काळी एक सा धरा, खालचा, सेकंदाला साधारण १३८.६ कंपनं. तंबोऱ्याचा गांधार येतो १७३.२ वर, पेटीचा १७४.६ वर. पेटीचे सा आणि ग एकदम वाजले की त्यांच्यातल्या वरच्या सुरांत सेकंदाला पाच-साडेपाच लाटा उठतात. पंचमात तीच लाट दोन सेकंदाला एक, म्हणून पंचम चालून जातो आणि गांधार टोचतो. भजनात टाळ-पखवाज जोरात असतो, काही कळत नाही, पण एकटी बाई ओवी म्हणायला लागली आणि मागं पेटी धरली तर ती गांधारावर जरा खाली राहते आणि पेटी वर ओढते, मग लोक म्हणतात बाई बेसूर झाली. बाई सुरात असते हो! परभणीच्या उरुसात कव्वाल पेटी घेऊन बसतात, त्यांच्यातला तयार गवई मुद्दाम गांधारावर पेटीची पट्टी सोडून देतो आणि गळ्यानं जागा दाखवतो, लक्ष देऊन ऐका.

म्हणून पेटी वाईट असं मी म्हणणार नाही, ऑल इंडिया रेडिओनं ते म्हणून बघितलंय, १९४० ला बंदी घातली आणि १९७१ ला सैल करावी लागली. बारा समान पट्ट्या ही व्यवहाराची सोय आहे. एका मंडळात एकाचा आवाज काळी दोनचा, दुसऱ्याचा पांढरी पाचचा, लहान पोरं आली की काळी पाच, कोणत्याही पट्टीवर सा धरता यायला पाहिजे तर सगळी अंतरं सारखीच लागतात. स्केल चेंजर, म्हणजे पट्ट्या सरकवून सा बदलायची पेटी, तर त्याशिवाय चालणारच नाही. पण ज्याचा सा ठरलेला आहे, एकच गवई, एकच पट्टी, त्यानं पेटी गांधार ट्युनिंगची करून घ्यावी. सूर टोकाशी घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो, काम नाजूक आहे, जास्त घासला की सूर मेला, पण होतं. ग चौदा उतरवायचा, ध सोळा, नी बारा, री चार चढवायचा, प दोन. पालिताण्याचे चांगले सूर असले तर बरीच वर्षं टिकतं. आणि हल्ली कीर्तनात जे कीबोर्ड आणतात त्यातल्या बऱ्याच मॉडेलमधे स्केल ट्युनिंग म्हणून सेटिंग असतं, अरबी संगीतासाठी दिलेलं, त्यात हेच आकडे घालता येतात. फुकट आहे, कुणी हात लावत नाही.

मात्र एवढं केलं म्हणजे राग बसला असं नाही. दरबारीचा गांधार एका जागी उभाच राहत नाही, डोलतो, भैरवाचा रिषभ तसाच. १९६३ मधे जैरजभॉय आणि स्टोन यांनी कलाकारांचे सूर यंत्रावर मोजले तर एकाच स्वराची जागा कलाकारागणिक हलते असं निघालं. म्हणजे बावीस पण अपुरे आणि बारा पण अपुरे, आणि गाणारा मजेत गातोय!

व्हॉट्सअपचं निघालंच आहे तर ते ४३२ हर्ट्झचंबी सांगून टाकतो, कारण माझ्याकडं आठवड्याला कुणीतरी पाठवतंच. वाद्यं सेकंदाला ४३२ कंपनांच्या सुरावरून लावली तर तो वैदिक सूर, ४४० वरून लावली तर माणसाचं डोकं बिघडतं असं काहीतरी. अहो आपल्याकडं सा ला नेमलेली कंपनं नाहीतच! गवयाचा गळा जिथं मोकळा लागतो तिथं सा. शारंगदेव पण म्हणतो पहिली तार जमेल तेवढी खाली लावा, अमुक कंपनांना लावा म्हणत नाही. आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, तो घड्याळाचा सेकंद यादवांच्या काळात कुणी मोजत नव्हतं. ४४० हा तिकडच्या वाद्यवृंदांनी एकमेकांशी जमावं म्हणून १९३९ ला लंडनमधे ठरवलेला सोयीचा आकडा, त्यात ना पाप ना पुण्य.

आता माझी मागणी. वेरूळ-अजिंठा महोत्सव होतो, मोठमोठे कलाकार येतात, लाइटिंग असतं, छान असतं. त्यात एका संध्याकाळी अर्धा तास शारंगदेवाच्या दोन वीणांना द्या. किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिथं खिळा ठोकायचा म्हटलं तरी परवानग्या लागतील, मला माहितीय, म्हणून किल्ल्यावरच करा असा हट्ट नाही, पण जवळपास करा. विद्यापीठात संगीत विभाग आहे, तिथल्या पोरांनी दोन वीणा किंवा दोन स्वरमंडळं लावावीत, लोकांसमोर एकेक सारणा उतरवावी, माइक जवळ ठेवावा म्हणजे लाट थांबलेली मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल. भाषण नको. "आपली महान परंपरा" वगैरे निवेदकानं अजिबात सुरू करू नये, नुसतं ग कुठं येऊन बसला एवढंच सांगावं. आकाशवाणी परभणीनं ते रेकॉर्ड करून लावलं तर गावोगावच्या भजनी मंडळांना मिळेल, अजूनही आमच्याकडं रेडिओ ऐकणारे आहेत.

आणि संपादक साहेब, तुम्ही पुढच्या वेळी असा लेख छापला तर त्याच्यात सिंघणाच्या या हिशेबनिसाचं नाव एका ओळीत तरी घाला. महोत्सवाच्या कुणा अधिकाऱ्याशी तुमची ओळख असेल तर माझं हे पत्र त्यांच्याकडं द्या. स्वरमंडळांची अडचण असेल तर आमच्याकडची दोन्ही आम्ही घेऊन येतो, तारा पिळायची चावी आणि जादा तारांसकट, गाडीभाडं पण मागणार नाही, फक्त साउंडवाल्याला सांगून ठेवा की त्या अर्ध्या तासात मागं कीबोर्डचा ट्रॅक लावू नको म्हणून.

आपला,
एक पेटीवाला वाचक, परभणी